मैदानाचा दरवाजा

विद्यार्थ्यांनो, मधल्या सुट्टीची घंटा झाली की एकदा तुमच्या शाळेच्या मैदानाकडे नीट पाहा. मैदानाच्या मधोमध कोण दिसते? बहुतेक शाळांत मुले क्रिकेट खेळताना दिसतात. मुली भिंतीच्या सावलीत, पायऱ्यांवर किंवा कडुनिंबाखाली बसलेल्या असतात. काही जणी एका कोपऱ्यात लंगडी खेळतात. चेंडू त्यांच्याकडे आला, तर त्या तो उचलून परत फेकतात. मुले तो झेलतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो.

आता एक प्रश्न विचारतो. मैदान फक्त मुलांचे आहे, असे कोठे लिहिले आहे? शाळेच्या सूचनाफलकावर तसे लिहिलेले नाही. मुख्याध्यापकांनी तसा हुकूम काढलेला नाही. तरीही मैदानाला जणू एक दरवाजा आहे आणि तो मुलींसाठी बंद आहे, असेच सगळे वागतात.

हा दरवाजा आजचा नाही. तुमच्या आजीच्या, म्हणजे दादीच्या आणि नानीच्या काळात तो याहून घट्ट बंद होता. तेव्हा काही मुलींनी तो ठोठावला. कोणी हळूच ठोठावला, कोणी जोराने. त्यांची हकिकत या पाठात वाचायची आहे. वाचताना तुमच्या ओळखीचे पुष्कळ शब्द भेटतील. मैदान, दरवाजा, हिंमत, जिद्द, हक्क, कायदा हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. तेव्हा पाठ परका वाटणार नाही.

लिहिलेला नियम

मुलींना खेळापासून दूर ठेवणारे नियम दोन प्रकारचे असतात. काही नियम कागदावर लिहिलेले असतात. काही कोठेच लिहिलेले नसतात, पण सगळे ते पाळतात. आधी लिहिलेल्या नियमाची गोष्ट पाहू. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ अमेरिकेत जावे लागेल.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार आवडीने खेळतात. तो आपल्या क्रिकेटसारखाच चेंडू आणि बॅटीचा खेळ आहे. फरक असा, की बेसबॉलची बॅट गोल दांडक्यासारखी असते आणि चेंडू टप्पा न घेता सरळ फलंदाजाकडे येतो. चेंडू फेकणाऱ्याला 'पिचर' म्हणतात. मैदानावर चार ठिकाणी खुणा असतात. त्या खुणांना 'बेस' म्हणतात. फलंदाज चेंडू मारून धावतो. क्रमाने सर्व बेसना स्पर्श करून तो जेथून निघाला तेथे परत आला, की संघाची एक धाव होते.

अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलसाठी १९३९ साली 'लिटल लीग' नावाची संस्था सुरू झाली. गावोगावी तिचे संघ झाले. त्यांत मुलगेच खेळत. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावी कॅथरिन जॉन्स्टन नावाची एक मुलगी होती. तिला बेसबॉल चांगला येत होता. मुलगी म्हणून आपल्याला संघात घेणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने आपल्या वेण्या कापल्या, डोक्यावर टोपी घातली आणि निवडीच्या वेळी आपले नाव 'टबी' असे सांगितले. तिची निवड झाली! पुढे तिने प्रशिक्षकाला खरी गोष्ट सांगितली. प्रशिक्षकाने तिला काढले नाही. त्या मोसमात ती संघातून खेळली. पण १९५१ साली संस्थेने मुलींना खेळता येणार नाही असा स्पष्ट नियमच केला.

विचार करा. नियम केव्हा झाला? मुलीला खेळता येत नव्हते म्हणून तो झाला नाही. तिला खेळता येते, हे दिसल्यावर तो झाला.

मोठ्या स्त्रियांनाही हा अनुभव आला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पुष्कळ पुरुष खेळाडू सैन्यात गेले. तेव्हा १९४३ साली स्त्रियांच्या बेसबॉलची एक व्यावसायिक स्पर्धा सुरू करण्यात आली. १९५४ पर्यंत ती चालली. सहाशेहून अधिक स्त्रिया तीत खेळल्या. लोक तिकिटे काढून त्यांचा खेळ पाहत. गरज होती तेव्हा दरवाजा उघडला होता, हे ध्यानात ठेवा.

लिटल लीगचा नियम पुढे वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. १९७२ साली न्यू जर्सी राज्यातील होबोकन गावी मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी गल्लीतल्या मुलांबरोबर खेळत असे. मुलेच तिला निवडीसाठी घेऊन गेली. प्रशिक्षकाने तिचा खेळ पाहिला आणि तिला संघात घेतले. ती पिचर झाली. तीन सामने झाले. मग वरून निरोप आला, की या मुलीला काढा, नाहीतर तुमच्या गावाची मान्यता काढून घेऊ. एका मुलीसाठी गावातील सगळ्या मुलांचा खेळ बंद पडणार होता. मारियाला संघ सोडावा लागला.

पण गोष्ट येथे संपली नाही. स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने तिच्या बाजूने दाद मागितली. न्यू जर्सी राज्याच्या नागरी हक्क विभागापुढे सुनावणी झाली. मुलींची हाडे मुलांपेक्षा नाजूक असतात, त्यांना इजा होईल, असे लिटल लीगच्या बाजूने सांगण्यात आले. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांना ते पटले नाही. १९७३ साली त्यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला. पुढे न्यायालयानेही तो मान्य केला. १९७४ साली लिटल लीगने नियम बदलला.

तेव्हा मारिया चौदा वर्षांची होती. खेळाडूंच्या वयाची मर्यादा ती ओलांडून गेली होती. जो दरवाजा तिच्यामुळे उघडला, त्यातून ती स्वतः आत जाऊ शकली नाही. तिच्यामागून मात्र असंख्य मुली आत गेल्या. २०१४ साली मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत पिचर म्हणून असा खेळ केला, की समोरच्या संघाला एकही धाव मिळाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट

लिहिलेल्या नियमाशी झगडणारी मुलगी आपल्या महाराष्ट्रातही होती. तिचा खेळ मात्र बुद्धिबळाचा. त्याला उर्दूत शतरंज म्हणतात.

मुंबईच्या दैनिक 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांना तीन मुली. वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली देशातील पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा झाली. ती वासंती यांनी जिंकली. नंतरची अनेक वर्षे ते अजिंक्यपद या तीन बहिणींच्याच घरी राहिले. १९७६ साली धाकट्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यावरून मोठा वाद झाला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे काय, असा प्रश्न निघाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना अडवता येणार नाही.

बुद्धिबळात धावावे लागत नाही, चेंडू लागण्याची भीती नसते, हाडे मोडत नाहीत. तरीही वाद झालाच. यावरून काय दिसते? मुलींची हाडे नाजूक असतात, हे कारण खरे नव्हते. कारण बदलत राहते, पण दरवाजा बंद ठेवण्याची सवय तशीच राहते.

न लिहिलेला नियम

आता तुमच्या आवडत्या खेळाकडे, क्रिकेटकडे येऊ. भारतात मुलींनी क्रिकेट खेळू नये, असा कायदा कधीच नव्हता. पण मुलींसाठी संघ नव्हते, स्पर्धा नव्हत्या, मैदाने नव्हती. कोणी नियम लिहिला असता, तर त्याविरुद्ध न्यायालयात तरी जाता आले असते. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध कोठे जाणार?

अशा वेळी एकच उपाय असतो. जे नाही, ते स्वतः उभे करायचे.

लखनौचे महेंद्रकुमार शर्मा यांनी मुलींचे सामने भरवायला सुरुवात केली. लोकांना कळावे म्हणून शहरात कर्ण्यावरून पुकारा करण्यात आला, की मुलींचे क्रिकेट आहे, पाहायला या. लोक कुतूहलाने आले. १९७३ साली शर्मा यांच्या पुढाकाराने भारतीय महिला क्रिकेट संघटनेची लखनौ येथे नोंदणी झाली. संघटनेच्या अध्यक्षा होत्या लखनौच्या बेगम हमीदा हबीबुल्लाह. हे नाव लक्षात ठेवा. भारतातील मुलींच्या क्रिकेटचा पाया घालणाऱ्यांत ते आहे.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. कोठे झाली, ठाऊक आहे? आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला. संघ किती होते? फक्त तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तेव्हा आपले वाशीम अकोला जिल्ह्यातील एक तालुका होते. एवढ्या मोठ्या देशात तीनच संघ, हे ऐकून आज हसू येईल. पण त्याच वर्षी वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली, तेव्हा संघ आठ झाले. कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा झाले. मुली होत्याच. त्यांना बोलावणारे कोणी नव्हते, इतकेच.

त्या मुली कशा खेळल्या, तेही ऐका. प्रवासासाठी पैसे नसत. पुष्कळदा रेल्वेच्या आरक्षण नसलेल्या डब्यातून जावे लागे. मुक्काम एखाद्या मोठ्या खोलीत, सगळ्या जणींचा एकत्र. संपूर्ण संघाकडे तीन बॅटी असल्या तरी पुष्कळ. सलामीच्या दोघी दोन बॅटी घेऊन मैदानात जात. तिसरी बॅट तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूकडे. सलामीची खेळाडू बाद होऊन परत आली, की तिच्या हातातली बॅट चौथीने घ्यायची. पॅड आणि हातमोजेही असेच हातोहात फिरत.

या मुलींपैकी दोघींची ओळख करून घेऊ.

डायना एडलजी यांचा जन्म २६ जानेवारी १९५६ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते. रेल्वेच्या वसाहतीत डायना मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत. त्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज झाल्या. एकदा चेंडू तोंडावर लागून त्यांचे समोरचे चार दात पडले. तरी त्यांनी खेळ सोडला नाही. त्यांनी २० कसोटी सामन्यांत ६३ बळी घेतले. १९७८ साली भारत प्रथमच महिलांच्या विश्वचषकात खेळला. ती स्पर्धा भारतातच झाली आणि भारताच्या कर्णधार डायनाच होत्या. त्यांची बहीण बेहरोझ यासुद्धा भारताकडून कसोटी सामना खेळल्या. डायना यांना १९८३ साली अर्जुन पुरस्कार आणि २००२ साली पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या शुभांगी कुलकर्णी. त्या पुण्याच्या. जन्म १९५९ चा. त्या लेगस्पिन गोलंदाजी करत. १९७६ साली त्या भारताकडून पहिला कसोटी सामना खेळल्या, तेव्हा त्यांचे वय सतरा होते. म्हणजे तुमच्यापैकी काही जणींहून त्या दोन-तीन वर्षांनीच मोठ्या होत्या. त्यांनी १९ कसोटी सामन्यांत ६० बळी घेतले. १९८५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

भारतीय महिलांचा तो पहिला कसोटी सामना ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूर येथे सुरू झाला. समोर वेस्ट इंडीजचा संघ होता. भारताच्या कर्णधार होत्या शांता रंगास्वामी. त्याच मालिकेत नोव्हेंबर महिन्यात पाटण्याच्या मोईनुल हक मैदानावर भारतीय महिलांनी पहिला कसोटी विजय मिळवला. हजारो लोक तो सामना पाहायला आले होते. त्या काळातील भारतीय संघाच्या यष्टिरक्षक होत्या फौजिया खलिली. १९८२ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या विश्वचषकात त्यांनी यष्टीमागे वीस जणींना बाद केले.

दरवाजा कसा उघडतो?

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दरवाजा एका धक्क्याने उघडत नाही आणि एका माणसाच्या धक्क्यानेही उघडत नाही. त्यासाठी अनेक गोष्टी जुळून याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे गल्लीतला खेळ. कॅथरिन, मारिया, डायना या तिघीही आधी घराजवळ मुलांबरोबर खेळल्या. तेथे त्यांना कोणी अडवले नाही. संघात जाण्यापूर्वीच त्यांना खेळ येत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे संघटना. एकटी मुलगी कितीही चांगली खेळली, तरी तिला सामना खेळायला आणखी एकवीस जणी लागतात. त्यांना एकत्र आणणारे कोणीतरी हवे असते. शर्मा आणि बेगम हमीदा यांनी ते काम केले.

तिसरी गोष्ट पोटापाण्याची. खेळून घर चालत नसेल, तर लग्नानंतर किंवा शिक्षणानंतर मुलगी खेळ सोडते. भारतीय रेल्वेने महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. डायना स्वतः रेल्वेत होत्या. नोकरीमुळे पगार मिळाला, सरावासाठी रजा मिळाली, प्रवासाची सोय झाली. घरच्यांचा विरोधही कमी झाला. मुलगी कमावते आहे म्हटल्यावर शेजारीपाजारीही मान देऊ लागतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

यांपैकी एक गोष्ट कमी पडली, तरी दरवाजा पुन्हा बंद होऊ लागतो. आपल्या महिला क्रिकेटचे तसेच झाले. १९८६ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यानंतर १९९१ पर्यंत भारतीय महिला एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या नाहीत. १९८८ चा विश्वचषक त्यांच्याविना झाला. जी खेळाडू १९८६ साली वीस वर्षांची होती, ती पुन्हा संधी आली तेव्हा पंचवीस वर्षांची झाली होती. खेळाडूच्या आयुष्यात पाच वर्षे म्हणजे फार मोठा काळ. तो कोणी परत देऊ शकत नाही.

त्या १९८६ च्या दौऱ्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर डायना एडलजी यांना मुख्य इमारतीत, म्हणजे पॅव्हिलियनमध्ये, प्रवेश नाकारण्यात आला. भारतीय संघाची खेळाडू असूनही त्या आत जाऊ शकल्या नाहीत. त्या मैदानाचा मालक असलेला क्लब तेव्हा स्त्रियांना सभासद करून घेत नसे. १९९८ साली सभासदांनी मतदान करून तो नियम बदलला. पुढे २३ जुलै २०१७ रोजी त्याच लॉर्ड्सवर भारतीय महिलांचा संघ विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. त्या दिवशी भारत फक्त ९ धावांनी हरला.

आजचे मैदान

२००६ साली महिला क्रिकेट संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. त्या वेळी संघटनेच्या सचिव शुभांगी कुलकर्णी होत्या. सतराव्या वर्षी कसोटी खेळलेली मुलगी पुढे दरवाज्याची किल्ली हातात घेऊन उभी राहिली. मंडळामुळे मुलींना चांगली मैदाने, प्रशिक्षक आणि पैसा मिळू लागला. २०२२ साली मंडळाने जाहीर केले, की भारताकडून खेळणाऱ्या महिलांना आणि पुरुषांना एका सामन्याचे मानधन सारखेच मिळेल.

मग सांगलीची स्मृती मानधना आली. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघात निवडली गेली. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज आली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि महिलांचा विश्वचषक प्रथमच जिंकला.

पुण्यात तीन संघ जमले होते, त्याला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. योगायोग पाहा, विजयही बावन्न धावांचाच झाला.

तुमची पाळी

मुलींनो, आता तुमच्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, "सर, हे सगळे मुंबई-पुण्याचे झाले. आम्ही तर वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या मुली." खरे आहे. पण शालेय क्रीडा स्पर्धा आपल्या जिल्ह्यातही होतात. आधी तालुका किंवा जिल्हा पातळी, मग अमरावती विभाग, मग राज्य. त्यांत मुलींचे स्वतंत्र गट असतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयाप्रमाणे ते ठरतात. कबड्डी, खो-खो, क्रिकेट यांबरोबर शालेय खेळांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही आहेत. म्हणजे मारियाला जो खेळ नाकारला गेला, तो तुम्हांला खेळता येतो. शाळेने संघाचे नाव नोंदवले पाहिजे. आणि शाळा नाव केव्हा नोंदवील? मुलींनी जाऊन क्रीडाशिक्षकांना विचारले तर!

दुसरी शंका पोशाखाची. "अम्मी म्हणते, ओढणीशिवाय मैदानात जायचे नाही." ही शंका मनात लपवून ठेवू नका. हीसुद्धा नियमांची गोष्ट आहे आणि नियम बदलतात. २०११ साली इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोके झाकल्यामुळे ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यात खेळू दिले नाही. त्यावर जगभर चर्चा झाली. २०१४ साली फुटबॉलच्या नियमात डोके झाकून खेळायला परवानगी मिळाली. २०१७ साली बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनेही तशी परवानगी दिली. क्रिकेटमध्ये तर पूर्ण लांबीची पँट आणि लांब बाह्यांचा सदरा घालून खेळता येतेच. तेव्हा पोशाखाचा मार्ग घरच्यांशी आणि शिक्षकांशी बोलून काढता येतो. पोशाखासाठी खेळ सोडण्याची गरज नाही, आणि खेळासाठी घरच्यांशी भांडण्याचीही गरज नाही.

तिसरी शंका अभ्यासाची. ती मुलांना कोणी विचारत नाही, फक्त मुलींना विचारतात! खेळाने अभ्यास बुडतो, की वेळेचे नियोजन नसल्याने बुडतो, याचा विचार तुम्हीच करा.

मुलांनो, हा पाठ तुमच्यासाठीही आहे. मारियाला संघाकडे कोण घेऊन गेले होते? तिच्या गल्लीतली मुलेच. त्यांना तिचे मुलगी असणे दिसले नाही, तिची गोलंदाजी दिसली. तुमच्या घरी बहीण असेल. संध्याकाळी अंगणात खेळताना तिला फक्त चेंडू आणायला पाठवत असाल, तर आज एक षटक तिलाही टाकू द्या. तिचा चेंडू वळतो की नाही, ते तेव्हाच कळेल.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेल्यावर दादीला किंवा नानीला विचारा, "लहानपणी तुम्ही कोणता खेळ खेळत होता? तो केव्हा बंद झाला? कोणी बंद केला?" त्या काय सांगतात, ते मराठीत दहा ओळींत लिहून आणा. बहुतेक जणी कोणाचे नाव घेणार नाहीत. "मोठी झाले, म्हणून बंद झाला," एवढेच म्हणतील. ती ओळही वहीत तशीच लिहा. मग उद्या मधल्या सुट्टीत मैदानाकडे पुन्हा एकदा पाहा.

स्वाध्याय

१. लिटल लीगने १९५१ साली मुलींविरुद्ध नियम का केला?
२. मारिया पेपेला निकालाचा फायदा स्वतःला का घेता आला नाही?
३. 'लिहिलेला नियम' आणि 'न लिहिलेला नियम' यांतील फरक तुमच्या शाळेतील उदाहरण देऊन सांगा.
४. रेल्वेतील नोकरीमुळे महिला खेळाडूंना कोणती मदत झाली?
५. मैदान, हिंमत, जिद्द, हक्क, कायदा हे शब्द वापरून मराठीत एकेक वाक्य लिहा.
६. तुमच्या शाळेत मुलींचा संघ तयार करायचा आहे. क्रीडाशिक्षकांना विनंती करणारे पत्र मराठीत लिहा.